कोअर शॉपमधला अमाईनचा वास परत परत येतोय? आधी घड्याळ बघा

"साहेब, स्क्रबरमध्ये नवं ॲसिड टाकलं, ब्लोअरचा पट्टा बदलला, चार दिवस बरं होतं, आणि आज परत तोच सडक्या माशांचा वास." असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी नाशिकच्या सातपूरहून, कधी अंबडहून, कधी सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीतून. फाउंड्री वेगळी, मशीन वेगळं, तक्रार मात्र शब्दाला शब्द तीच. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

मी अंबडला एका फाउंड्रीत बरीच वर्षं मेंटेनन्स सांभाळला. तिथे हा वास जवळपास दीड वर्ष येत-जात राहिला. दर वेळी आम्ही काहीतरी दुरुस्त केलं, दर वेळी वास गेला आणि दर वेळी परतला. शेवटी कारण सापडलं, ते आम्ही शोधत होतो त्या इमारतीत नव्हतंच. ते ओघात येईल.

ज्यांच्याकडे कोल्ड बॉक्स, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा कोअर न तापवता बनवायची पद्धत, नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाळूत दोन रेझिन मिसळतात, पार्ट वन फिनॉलिक आणि पार्ट टू आयसोसायनेट. ही वाळू कोअर बॉक्समध्ये शूट करायची आणि तिच्यातून ट्रायइथिल अमाईनची वाफ सोडायची (हे गॅसिंग). वाफ लागली की काही सेकंदांत कोअर टणक. भट्टी नको, बॉक्स तापवणं नको, म्हणून तर १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही पद्धत जगभरच्या फाउंड्र्यांत पसरली. कोअर पकडला की कोरडी हवा मारून आतलं अमाईन धुऊन काढायचं (हा पर्ज), डक्टमधून स्क्रबरला न्यायचं, आणि तिथे सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात अडकवायचं.

यात कळीची गोष्ट अशी की अमाईन खर्च होत नाही. ते उत्प्रेरक आहे. लग्न लावणाऱ्या भटजीसारखं दोघांची गाठ मारून देतं आणि स्वतः जसं आलं तसं मांडवाबाहेर पडतं. सकाळी टाकीत १२ किलो भरलं आणि संध्याकाळी टाकी रिकामी झाली, तर ते १२ किलो आत्ता कुठेतरी आहेच. स्क्रबरच्या पाण्यात असेल, रॅकवर ठेवलेल्या कोअरमध्ये असेल, नाहीतर तुमच्या-आमच्या नाकात असेल. वासाचा शोध म्हणजे या हिशोबातला गहाळ माल शोधणं. पाना हातात घ्यायच्या आधी वही हातात घ्या.

नाकावर किती विश्वास ठेवायचा

अमाईनचा वास बहुतेकांना हवेत १ पीपीएमसुद्धा (दहा लाखांत एक भाग) नसताना लागतो. आग धरायला मात्र हवेत १.२ टक्के वाफ लागते, म्हणजे १२,००० पीपीएम. मधलं अंतर केवढं मोठं आहे बघा. त्यामुळे दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक, जरा वास आला की सगळा शॉप रिकामा करणारे. दुसरे, "अहो, हा तर रोजचाच वास" म्हणून अमाईन रूमच्या दारात बिडी पेटवणारे. दुसऱ्यांची मला जास्त भीती वाटते. शॉपच्या मधोमध १२,००० पीपीएम होणार नाही, पण पिंपाच्या तोंडाशी, गळक्या जोडाखालच्या खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये सहज होतं. ही वाफ हवेच्या साडेतीन पट जड आहे. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत उताराला लागते. आणि हिचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटते तो, शून्याच्याही खाली आहे, तेव्हा नाशिकची जानेवारीतली पहाट कितीही गार असली तरी तिच्या भरवशावर राहू नका.

आरोग्याचं गणित त्याहून कडक आहे. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेची शिफारस आठ तासांच्या सरासरीला ०.५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी १ पीपीएम इतकीच आहे. म्हणजे वास ठळक येतोय, तर तुम्ही त्या रेषेच्या आसपास किंवा पलीकडे असण्याची शक्यता बरीच.

शिवाय नाक थकतं. शिफ्ट सुरू होऊन अर्धा तास झाला की ऑपरेटरला काही जाणवत नाही, आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "आज वास नाही." आमच्याकडे सगळ्यात भरवशाचं मीटर म्हणजे चहा घेऊन येणारा पोरगा. दिवसातून चार वेळा बाहेरच्या मोकळ्या हवेतून आत यायचा. दारात पाऊल टाकताच तोंड वाकडं केलं की समजायचं. मी त्याला गेटवर एक वही दिली आणि सांगितलं, "वास आला की वेळ लिही, नाही आला तरी लिही." तपासाची सुरुवात मी आजही तिथूनच करायला सांगतो. दोन आठवडे फक्त वेळ लिहा. काही उघडू नका, काही बदलू नका.

वास मशीन चालतानाच येतो, थांबलं की जातो

हे सगळ्यात सोपं प्रकरण. कोअर बॉक्सचं सील, गॅसिंग हेडचं सील, खालची एक्झॉस्ट प्लेट, यांपैकी कुठूनतरी गॅसिंगच्या दोन-तीन सेकंदांत वाफ बाहेर पडते. ओलसर केलेला तांबडा लिटमस कागद चिमट्यात धरून सांध्याभोवती फिरवा, जिथे निळा होईल तिथे गळती. शाळेतली युक्ती आहे, पाच रुपयांत काम होतं. काही जण हायड्रोक्लोरिक ॲसिडची उघडी बाटली फिरवतात, अमाईन भेटलं की पांढरा धूर उठतो. चालतं, पण त्या ॲसिडच्या वाफेने लिमिट स्विचपासून गाइड रॉडपर्यंत सगळं गंजतं, म्हणून मी लिटमसवरच थांबतो.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्याकडे नवा फिटर आला होता. त्याआधी तो पिंपळगावकडे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर होता. तिथे अमोनियाची गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवून सांध्यांवरून फिरवतात, पांढरा धूर आला की सापडली गळती. पोरगा हुशार, कामाला वाघ. वास आला म्हणताच त्याने खिशातून कांडी काढली, दुसऱ्या हातात काडेपेटी, आणि अमाईनची वाफ तयार करणाऱ्या जनरेटरच्या दिशेने निघाला. त्याचा विचार तसा बरोबर होता, अमोनिया आणि अमाईन एकाच घराण्यातले. पण हे घराण्यातलं पेट घेणारं पोर आहे. स्टोअरच्या काकांनी लांबूनच आरोळी ठोकली, "अरे ए, काडी टाक खाली!" काडी पेटली नव्हती. त्या दिवसापासून अमाईन रूमबाहेर काडेपेट्या आणि मोबाईल ठेवायला एक लाकडी खोकं आलं. डक्ट ओढतोय की नाही हे बघायला अगरबत्ती लावणारेही मी पाहिलेत. पतंगाच्या कागदाची पट्टी धरा ना, तीही तेवढीच हलते.

वास दिवसभर मंद, जनरेटरच्या बाजूने

इथे पाइपचे जोड तपासा आणि मुख्य म्हणजे ते कशाचे आहेत ते बघा. एका रविवारी आमच्याकडे स्टेनलेसचा निपल मिळेना, म्हणून कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून पितळी आणून बसवला. तात्पुरता. महिन्याभरात त्या निपलवर हिरवट-निळी बुरशीसारखी पापडी धरली, नखाने खरवडली तर भुगा. तांबं, पितळ, जस्त यांना अमाईन खातं. पितळी पाना ठिणगी पाडत नाही म्हणून पिंप उघडायला चालतो, पण लाईनमध्ये पितळ कायमचं बसवायचं नाही. या दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात.

तसंच ओ-रिंगचं. वायटनची ओ-रिंग महाग असते, म्हणून ती सगळ्यात चांगली असा एक समज आहे. तेलाला, पेट्रोलला ती उत्तम. अमाईनला नाही. फुगते, चिरते, मग कडक होते. तुम्ही महिन्याला नवी टाकता आणि महिन्याला तीच तक्रार येते. टेफ्लॉनचं पॅकिंग वापरा आणि हा विषय संपवा.

पावसाळ्यात आणि थंडीत वाढणारा वास

फोन करणाऱ्याला मी महिना विचारतो, कारण जुलैचा वास आणि जानेवारीचा वास वेगळे.

पावसाळ्यात एअर ड्रायर दमतो. हवेतली ओल वाळूपर्यंत पोचली की ती पार्ट टूशी आधी भांडण काढते. आयसोसायनेटची पाण्याशी प्रक्रिया होते आणि वाळूला धरायला कमी उरतं. कोअर कच्चा निघतो, कोपरे झडतात. ऑपरेटर काय करतो? अमाईनची मात्रा वाढवतो. त्याच्या हातात तेवढंच एक बटण आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण अमाईन वाढवून ओल जात नाही. जास्तीचं अमाईन तसंच बाहेर येतं, स्क्रबरचं ॲसिड वेळेआधी संपतं आणि वास सुटतो. तुम्ही मग स्क्रबर दुरुस्त करत बसता. खरं दुखणं ड्रायरमध्ये आहे. या कामाला उणे ४० अंशांच्या आसपास दवबिंदू असलेली कोरडी हवा लागते. दवबिंदूचं मीटर नसेल तर घ्या. निदान रिसीव्हरखालचा ड्रेन रोज सकाळी उघडून पाणी किती निघतं ते तरी लिहा.

थंडीत गोष्ट उलटी. आमचा वाळूचा सायलो बाहेर उघड्यावर होता. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, वाळू रात्रभर तेवढीच गार होते. ट्रायइथिल अमाईन ८९ अंशांना उकळतं. अशा गार वाळूवर वाफ गेली की तिचा परत द्रव होऊन दाण्यांवर बसतो. पहिल्या शिफ्टचे कोअर नीट पकडत नाहीत, परत मात्रा वाढते, आणि दाण्यांवर बसलेलं अमाईन दिवस चढेल तसं रॅकवरून सुटत राहतं. वास कोअर स्टोअरमध्ये, दुपारी बारा-एकला, मशीनपासून दूर. अशा वेळी स्क्रबरला हात लावू नका. वाळू २०-२५ अंशांवर आणा, पर्जची हवा गरम करा, आणि पर्जचा वेळ गॅसिंगच्या कितीतरी पट ठेवा. उत्पादन वाढवायचं म्हणून सायकल टाईममधून सेकंद चोरायचे झाले तर पहिला बळी पर्जचा जातो, हे मी प्रत्येक फाउंड्रीत पाहिलंय.

स्क्रबर: पीएच मीटर तुम्हाला फसवतं

आता स्क्रबर. "पीएच रोज बघतो, अडीच आहे, ठीक आहे." बरोबर, आणि तरीही संध्याकाळी वास येतो. पीएच म्हणजे पेट्रोलच्या टाकीचा काटा नाही. ॲसिड भरपूर असतं तोवर अडीच, अर्धं संपलं तरी तीनच्या आत, आणि शेवटचं संपताना तासाभरात उडी मारून सात-आठच्या पुढे. सकाळी नऊला बघितलेला आकडा दुपारी चारचं काही सांगत नाही. त्यात प्रोबवर मिठाचा (अमाईन आणि ॲसिडच्या क्षाराचा) थर बसला असेल तर तो आठवडाभर एकच आकडा इमानाने दाखवत राहतो. कागदाने पडताळा करा.

त्यापेक्षा किलोचा हिशोब धरा. एका किलो ट्रायइथिल अमाईनला सुमारे अर्धा किलो तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागतं. रसायनाच्या पुस्तकातून काढायचं तर २०२ ग्रॅम अमाईनला ९८ ग्रॅम ॲसिड. दिवसाला १२ किलो अमाईन वापरत असाल तर ६ किलो ॲसिड रोज संपणार, आणि पीएच खाली राखायला त्यावर थोडं जास्त. आमच्या गेटच्या वहीशेजारी मी हा हिशोब लिहायला लावला. पहिल्याच आठवड्यात दिसलं की गुरुवारी ॲसिड संपतं आणि आम्ही ते शनिवारी भरतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे पाठ असलेल्या माणसालाही दर वेळी परत सांगा.

बाकी स्क्रबरचं नेहमीचं: नोझल मिठाने चोंदणं, पंप चालू पण पाणी फिरत नाही, ब्लोअर उलटा जोडलेला. हसू नका. मोटार रिवाइंड होऊन आली की फेज उलटा बसतो, आणि उलटा फिरणारा ब्लोअरही थोडी हवा ओढतोच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि तो साडेचारचा वास

आता आमची गोष्ट. सील बदलली, पितळ काढलं, ड्रायर दुरुस्त केला, ॲसिडचा हिशोब बसवला. वास पुष्कळ कमी झाला. तरी आठवड्यातून एखाद्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमाराला असा भपकारा यायचा की डोळ्यांत पाणी. तोही मशीन बंद असताना, शिफ्ट बदलताना. चहावाल्याच्या वहीत नोंद होती, पण वार ठरलेला नव्हता.

तेवढ्यात सिडकोच्या बाजूच्या वसाहतीतून एक काकू गेटवर आल्या. वॉचमनने आधी टाळलं. त्या म्हणाल्या, "मला भांडायचं नाहीये, तुमच्या साहेबांना हे दाखवायचंय." पिशवीतून त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाचा हिशोब लिहितात तसे प्रत्येक तारखेच्या चौकोनात दीड, एक, दीड असे आकडे, आणि काही तारखांवर लाल पेनाने फुली. "ज्या दिवशी वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले, त्या दिवशी फुली." पाच महिन्यांच्या फुल्या. त्यांना मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कॅलेंडरचे फोटो काढायची परवानगी मागितली.

संध्याकाळी ते फोटो घेऊन मी सगळी रजिस्टरं काढून बसलो. अमाईन भरल्याची तारीख जुळेना, मशीन बिघडल्याची जुळेना. शेवटी ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) रजिस्टरमध्ये चुन्याच्या गोण्यांची नोंद होती. ज्या दिवशी दोनपेक्षा जास्त गोण्या, त्या दिवशी फुली. एखाद-दुसरी सोडली तर सगळ्या.

घडत होतं ते असं. स्क्रबरचं पाणी वापरून झालं की ते ईटीपीच्या टाकीत सोडलं जायचं. पाणी आम्लधर्मी, म्हणून ईटीपीचा माणूस नियमाप्रमाणे चुना टाकून ते उदासीन करायचा. तो त्याचं काम चोख करत होता. पण त्या पाण्यात काय होतं? आठवडाभराचं सगळं अमाईन, ॲसिडशी बांधलेलं, मिठाच्या रूपात. बांधलेलं होतं तोवर वास नाही, वाफ नाही. चुना पडला की ॲसिड चुन्याकडे गेलं आणि अमाईन मोकळं. पीएच अकराच्या जवळ गेला की निम्म्याहून जास्त अमाईन सुटतं, आणि चुन्याने पीएच बाराच्या पुढेही सहज जातो. आम्ही शॉपमध्ये जे किलोकिलोने पकडत होतो, ते मागच्या अंगणात एका तासात सोडून देत होतो. इतके दिवस मी म्हणत होतो की अमाईनला जायला तीनच जागा आहेत. त्यातली एक जागा, स्क्रबरचं पाणी, जागेवर राहतच नव्हती.

वासापेक्षाही जे दुसऱ्या दिवशी बघितलं त्याने पोटात गोळा आला. ट्रायइथिल अमाईनची पाण्याशी वागणूक विचित्र आहे. साधारण १८-१९ अंशांच्या खाली ते पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यावर तापमान गेलं की वेगळं होऊन वर तरंगतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं बरोबर उलट. एप्रिलची दुपार, टाकीतलं पाणी कोमट, त्यात भरपूर क्षार. टाकीवर वाकून पाहिलं तर कडेला पातळ तेलकट थर चमकत होता, चुन्याच्या पांढऱ्या फेसात इंद्रधनुष्यासारखा. तो थर म्हणजे जवळपास पेट्रोलइतकं पेट घेणारं द्रव. आणि त्याच्या शेजारी उघड्या वायरचा साधा पंप, स्टार्टर भिंतीवर हातभर अंतरावर. मी आधी तो पंप बंद करू दिला नाही, कारण स्टार्टरची ठिणगी बंद करतानाही पडते. लांबच्या पॅनेलवरून पुरवठा तोडला, फोमची नळकांडी आणून ठेवली आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं. मग टाकीचा पीएच ॲसिडने हळूहळू परत खाली आणला.

उपाय साधा आहे. स्क्रबरचं वापरलेलं पाणी ईटीपीत घ्यायचंच नाही. वेगळ्या, झाकणबंद, ॲसिडला टिकणाऱ्या टाकीत साठवायचं, पीएच तीनच्या आत राखायचा, आणि घातक कचरा म्हणून अधिकृत प्रक्रियेला किंवा अमाईन परत काढून घेणाऱ्या परवानाधारकाकडे पाठवायचं. तिथेही अल्कलीच टाकतात, पण बंद भांड्यात, वाफ थंड करून पकडतात. खर्च येतो. आमच्या मालकांनी आधी कपाळाला हात लावला. पण ते पाणी गटारातून नंदिनी नदीला लागलं असतं तर प्रदूषण मंडळाच्या नोटिशीने काय झालं असतं, हा हिशोब त्यांनी स्वतःच केला. तुमच्याकडे वास परत येत असेल आणि शॉपमध्ये काही सापडत नसेल, तर आजच ईटीपीच्या माणसाशी बोला. त्याला रागवू नका, फक्त विचारा, चुना किती वाजता टाकतोस.

डोळ्यांसमोर निळं धुकं

हे वासाइतकंच परत परत येणारं दुखणं, पण कुणी सांगत नाही. अमाईनची वाफ डोळ्याच्या बुबुळावर बसली की काही तासांनी बुबुळाचा वरचा थर सुजतो. सगळं निळसर-करडं, धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, दिव्यांभोवती कडी दिसतात. दुखत नाही, लालही होत नाही, आणि सहसा काही तासांत आपोआप उतरतं. म्हणून डॉक्टरकडे सकाळी गेलं तर डोळे ठणठणीत निघतात.

मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा डिसेंबर होता. रात्री साडेदहाला मोटारसायकलवर निघालो, पाथर्डी फाट्याशी आलो तर हायवेच्या प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुषी कडं. मनात म्हटलं, धुकं पडलंय. समोरून आलेल्या ट्रकचे दोन दिवे मला एकच मोठा निळा गोळा दिसले आणि मी गाडी अगदी कडेला घेऊन उभा राहिलो. घरी फोन करून भावाला बोलावलं. तो आला आणि म्हणाला, "धुकं? कुठंय धुकं?"

तेव्हा शॉपमध्ये कुणी "आज जरा धूसर दिसतंय" म्हणालं, तर चष्म्याचा नंबर वाढला असं समजू नका. त्या दिवशी त्याला गाडी चालवू देऊ नका, क्रेन किंवा वितळलेल्या धातूच्या लेडलवर ठेवू नका, आणि त्याच्या मशीनचा वास तपासा. अमाईनचे थेंब डोळ्यांत उडाले तर तो वेगळा प्रकार. ते जळजळीत अल्कली आहे. निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना. मास्क घ्यायचा तर पूर्ण चेहरा झाकणारा, सुरक्षा पत्रकात सांगितलेल्या कार्ट्रिजसह. नाकाला रुमाल बांधून वास अडत नाही, आणि डोळे तर उघडेच राहतात.

पिंप

पिंपातून जनरेटरच्या टाकीत भरताना कॉम्प्रेसरची हवा लावून ढकलणारे आहेत. बंद करा. नायट्रोजन लावा किंवा योग्य पंप वापरा. दोन्ही भांडी तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडा, आणि क्लिप रंगावर लावू नका, रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर लावा. आमच्याकडे वर्षभर क्लिप रंगावर होती, म्हणजे शोभेची. हातात नायट्राइलचे मोजे. सांडलंच तर फाउंड्रीत वाळूला तोटा नाही, ती टाका. भुसा नको. आणि पाण्याचा फवारा मारून गटारात ढकलू नका, उन्हाळ्यात ते गटारातही तरंगत पुढे जातं.

रिकामं पिंप हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणीचं पाणी कालवायला, बोर्डो तयार करायला बॅरल लागतातच. दिंडोरीचा कुणी पाहुणा हमखास विचारतो, "तुमच्याकडे रिकामे बॅरल पडलेत, एक द्या ना, तोंड कापून घेतो." २० अंशांना बंद पिंपातल्या हवेत अमाईनची वाफ सुमारे ७ टक्क्यांपर्यंत जाते. पेट घेण्याची हद्द १.२ ते ८ टक्के. म्हणजे तळाला वाटीभर उरलेलं पिंप थंडीच्या दिवसांत स्फोटाच्या हद्दीतच बसलेलं असतं, आणि भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. त्यावर गॅस कटर लावला तर पुढचं सांगायला माणूस उरणार नाही. आम्ही स्टोअरच्या काकांना सांगून ठेवलं होतं की पिंप आलं त्याच पुरवठादाराकडे झाकण घट्ट लावून परत जाईल, दुसऱ्या कुणाला नाही. सख्खा मेहुणा मागायला आला तेव्हाही त्यांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवला. मेहुणा अजून रुसलेला आहे.